काही न करण्याचा हिवाळा

उसाला तुरे आले की कुणाला काय आठवेल, सांगता येत नाही. आईला तिच्या लग्नाची वरात आठवते. शेजारच्या कोळ्याला समुद्र खवळायचे दिवस आठवतात. मला बाबांची छाती आठवते.

काल मी शिकवते ती प्लेन मान्येनची शाळा सुटल्यावर बसने माएबूर्गला घरी येत होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, आणि उसाच्या डोक्यावर ते रुपेरी तुरे, सगळे एकाच बाजूला कललेले, जसं कुणी मोठ्या फणीने विंचरलंय. कारखान्याकडून पाकाचा गोड, जरासा करपट वास येत होता. पुढच्या बाईने खिडकी लावून घेतली आणि पदर नाकाला धरला. मागे कुणीतरी शिंकलं. आणि माझ्या नकळत माझे खांदे खाली आले, पोट सैल सुटलं, श्वास हळूहळू आत जायला लागला. शेजारी माझ्या वर्गातली एक मुलगी बसली होती. तिने घाबरून विचारलं, बाई, तुम्हाला बरं वाटत नाही का? म्हटलं, बरं वाटतंय म्हणून तर.

तो श्वास माझा नव्हे, दुसऱ्याचा. माझ्याकडे तशा बऱ्याच गोष्टी दुसऱ्यांच्या आहेत. हसणं माझ्या मैत्रिणीचं, रागावणं आईचं, तिकीट मागताना हात पुढे करणं बसच्या कंडक्टरचं. लहानपणापासून माझं हेच. माणूस समोर आला की पाच मिनिटांत तो माझ्या अंगात. आमच्या बेटाच्या बोलीत, क्रेओलात, माकडाला झाको म्हणतात, आणि माएबूर्गात माझं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीला माहीत होतं. घरीदारी मी झाको.

आमचा हिवाळा जून-जुलैत येतो. समुद्रापलीकडून येणाऱ्या मराठी पुस्तकांना हे ठाऊकच नाही. पुस्तकात आषाढ आला की ढग दाटतात आणि मोर नाचतात. आमच्याकडे आषाढात ट्रंकेतून स्वेटर निघतात आणि त्यांना कापराचा वास येतो. आग्नेयेचा वारा सुटतो तो समुद्रावरून थेट आपल्या कानात. खाडीपलीकडचा सिंहाचा डोंगर धुक्यात अर्धा बुडतो, नुसती आयाळ तेवढी दिसते. आणि वाऱ्यावर उडत येतो तुऱ्यांचा भुसा. तो डोळ्यांना दिसत नाही. बाबांच्या छातीला मात्र लगेच कळायचा.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. कारकून म्हणजे अगदी हाडाचे. आजचं टपाल आज, हा त्यांचा धर्म. बूट असे चमकायचे की आई म्हणायची, यात बघून कुंकू लावता येईल. त्यांचा दमा मात्र टपालासारखा नव्हता, तो आज आला की चार दिवस मुक्काम करायचा. त्याची मी छान नक्कल करायचे. आधी किटली, म्हणजे बारीक शिट्टी. मग कुणीतरी बाजाच्या पेटीवर बसल्यासारखे एकदम सगळे सूर. मग अडकलेलं दार. बाबा स्वतः हसायचे, हसता हसता त्यांना खरोखरच किटली लागायची, आणि मग आई लाटणं घेऊन माझ्यामागे यायची. "अगो, बापाला मारशील एक दिवस," म्हणायची.

मी सांगतेय तो हिवाळा पन्नास सालाच्या पुढचा, साठच्या अलीकडचा. माणसांची आगगाडी नुकतीच बंद झाली होती, तरी म्हातारी माणसं सवयीने स्टेशनाकडे वळायची आणि मग ओशाळून बसच्या रांगेत यायची. बाबांच्या वरच्या साहेबांनी सांगितलं, क्युरपीपला हेड क्लार्कची जागा रिकामी होतेय, तुमचं नाव पुढे केलंय. एकच गोष्ट, हिवाळा संपता संपता सरकारी डॉक्टर छाती तपासणार. छाती पास तर बाबा पास.

क्युरपीप म्हणजे आमच्या बेटाचं माळ्यावरचं गाव. तिथे दोनच मोसम, एक पावसाचा आणि दुसरा छत्री वाळवायचा. पण तिथे हेड क्लार्कला राहायला सरकारी घर होतं. आईचा भाऊ बो बासेंला होता, तो मग बसच्या अंतरावर येणार होता. मला मोठं कॉलेज, म्हणजे आमच्याकडची वरच्या वर्गांची शाळा, मिळणार होतं. आईने तर मनातल्या मनात सामान बांधायलाही घेतलं. आणि मला? मला नवी माणसं हवी होती. माएबूर्गातला पाववाला, कोळी, पाद्री, देवळाचे पुजारी, सगळे माझ्या नकलेत येऊन जुने झाले होते. तेव्हा आमच्या घरात त्या हिवाळ्यात एकच प्रश्न होता. बाबांची छाती.

आता आकुंग.

आकुंग म्हणजे माझी मैत्रीण मेलीन, तिचे आजोबा. हक्का चिनी लोक आजोबांना आकुंग म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायचो. समोरच्या कोपऱ्यावर मेलीनच्या बापाचं दुकान होतं, आमच्याकडे सगळ्या गावांत कोपऱ्यावर असतं तसं. मीठ, घासलेट, सुकी मासळी, सुईदोरा, सगळ्यांचा मिळून एकच वास. आकुंग मुलाकडे चीनमधून म्हातारपणी आले. दुकानात कधी हात लावायचे नाहीत. दुपारी पोत्यांच्या थप्पीवर झोपायचे, गिऱ्हाईक तांदूळ मागेल तर एका कुशीवर व्हायचे. घट्ट गोड दुधाचा डबा बोटाने चाटायचे. क्रेओल त्यांना मोजकं यायचं, आणि त्यात सर्वांत जास्त वापरात होतं 'पा कोने', म्हणजे ठाऊक नाही.

हे आकुंग रोज पहाटे किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली, काहीतरी करायचे. काय ते गावात कुणाला कळलेलं नव्हतं. हात पाण्यातून उचलल्यासारखे वर जायचे. मग कुणीतरी मोठा भोपळा दिल्यासारखे गोल व्हायचे. मग एक पाय असा पुढे पडायचा की जमिनीला विचारून. कोळी म्हणायचे, म्हातारा न दिसणारं जाळं ओढतोय. पाववाला म्हणायचा, डास. आईचं मत पडलं की चीनमधून काहीतरी मागे लागून आलंय आणि ते उतरवताहेत.

आणि बाबा म्हणाले, हा सूर्यनमस्कार आहे. बिघडलेला.

यात बाबांचा दोष नव्हता. आमच्या मराठी मंडळींची ही जुनी खोड. आमचे खापरपणजे कोकणातून जहाजाने आले ते येताना फार थोडं घेऊन आले. त्यामुळे जगात कुठेही काही चांगलं दिसलं की आम्हाला वाटतं, हे आपलंच, वाटेत पडलेलं दिसतंय. तेव्हा एका सकाळी बाबा फिरायला म्हणून मला घेऊन किनाऱ्यावर गेले, टाय लावून, आणि आकुंगना अतिशय आदराने म्हणाले, मिस्ये, तुमचं चुकतंय. मग कोट माझ्या हातात दिला आणि सूर्याला तोंड करून सूर्यनमस्कार घातले, मंत्रासकट. तिसऱ्याला किटली लागली. आकुंग लक्ष देऊन बघत होते. मग त्यांनीही तसाच एक घातला, उलट्या खेकड्यासारखा, आणि वाळूवर पालथे पडून इतके हसले की त्यांची कवळी सुटली. बाबांना राग यायला हवा होता. पण त्यांना प्रश्न पडला. घरी येताना म्हणाले, काय गो झाको, म्हातारा एवढा हसला, त्याला धाप कशी नाही लागली?

इथून सगळं सुरू झालं. त्या धाप न लागण्यापासून.

आकुंग करतात ते काय, हे मी मेलीनला विचारलं. ती म्हणाली, आजोबा म्हणतात ते ताओ. ताओ म्हणजे? रस्ता. कुठला रस्ता? कुठलाच नाही, नुसता रस्ता. देव आहे का? नाही. मग त्यावरून कुठे जायचं? मेलीन वैतागली आणि तिने आतल्या खोलीत हक्कात ओरडून विचारलं. आतून उत्तर आलं, पा कोने.

मला ते फार आवडलं. माझ्या ओळखीत प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं. मास्तरांना फ्रेंच क्रियापदं, पाद्र्याला स्वर्ग, पुजाऱ्यांना मुहूर्त, बाबांना सरकारी नियम. ठाऊक नाही म्हणून एवढ्या खुशीत दूध चाटणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. मी त्यांना मुद्दाम अवघड प्रश्न विचारायला लागले. वारा थांबतो तेव्हा कुठे जातो? मासा झोपतो का? पोट भरल्यावर हात थांबवायचा की त्याच्या आधी? या शेवटच्याचं मात्र त्यांनी मेलीनकरवी उत्तर दिलं, आधी. थोडा कोपरा रिकामा ठेवायचा. का? तर तिथे श्वास बसतो.

एकेक करून अशा गोष्टी गोळा व्हायला लागल्या. थंडीत थंड पाणी प्यायचं नाही. त्या दिवसांत झाडाला जे लागलंय ते खायचं, बाकीचं झाडावरच विसरायचं. दुपारी झोप आली तर झोपायचं, तिच्याशी भांडायचं नाही. वाऱ्याकडे पाठ करून बसायचं, पण वाऱ्याला शिव्या द्यायच्या नाहीत. मी हे घरी येऊन आकुंगच्या आवाजात सांगायचे आणि आई दर वेळी मान न उचलता म्हणायची, हे तर माझी आई सांगायची. पेजेचं सांगितलं, माझी आई सांगायची. शेवग्याच्या पाल्याचं सांगितलं, माझी आई सांगायची. शेवटी मी मनाने एक ठोकून दिलं, आकुंग म्हणतात पौर्णिमेला उलटं चालावं. आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, घरातल्या घरात चालावं, म्हणायची माझी आई.

बाबांनी मात्र सगळं मनावर घेतलं. मनावर घेतलं म्हणजे त्याची फाईल केली. एका कागदावर पहाटेपासून रात्रीपर्यंतचा कार्यक्रम लिहून आरशाच्या बाजूला लावला. कोमट पाणी. किनारा. हात गोल. पाय हळू. पोटात कोपरा. आणि कचेरीत निघण्याआधी, जाड अक्षरांत: 'काही न करणे, पंधरा मिनिटं.' ती पंधरा मिनिटं ते ताठ खुर्चीवर बसायचे, मुठी मांडीवर, डोळे मिटलेले, कपाळावर घाम. आई हळूच विचारायची, अहो, जमलं का? ते दात आवळून म्हणायचे, जमतंय. काही न करायला एवढी मेहनत घेणारा माणूस मी परत बघितलेला नाही.

किनाऱ्यावरही तेच. आकुंगचा हात एकदा वर जाईपर्यंत बाबांचा चार वेळा जाऊन यायचा. आकुंग म्हणायचे, दुसमाँ, दुसमाँ. म्हणजे हळू. बाबा मान डोलवायचे आणि आणखी जोर लावून हळू करायचे. घाई होती ना. हिवाळा संपायच्या आत त्यांना शांत व्हायचं होतं.

मी लांब उपड्या होडीवर बसून दोघांना बघायचे. बाबा मला पहिल्याच दिवशी जमले. आकुंग जमेनात.

हे मला समजावून सांगायला हवं. नक्कल करायला माणसाची कडी सापडावी लागते. मास्तरांचं नाक, पाद्र्याचा घसा, कंडक्टरचा डावा खांदा. ती कडी धरली की बाकीचा माणूस आपोआप ओढला जातो. आकुंगना कडी नव्हती. देवळाच्या ओसरीवर संध्याकाळी आमचा मराठीचा वर्ग भरायचा, तिथे मी त्यांची नक्कल करून दाखवली. हात गोल, पाय हळू, दूध चाटणं, पा कोने, सगळं केलं. मुलं हसली. पण मला ठाऊक होतं, ही नक्कल नाही, ही कपडे घातलेली काठी आहे. मला झोप लागेना. कुठे असेल या म्हाताऱ्याची कडी? चालण्यात नाही, बोलण्यात तर बोलणंच नाही. मी अगदी पिसाळल्यासारखी त्यांच्या मागे लागले. ते झोपले की पोत्यांपाशी जाऊन बघायचे. मेलीन म्हणायची, तू माझ्या आजोबांच्या प्रेमात पडलीस काय?

अशीच एक दुपार. दुकानात कुणी नाही, बाहेर वारा, पत्रा वाजतोय. आकुंग पोत्यांवर पडलेले. आणि मला त्यांचं पोट दिसलं. वर येत होतं, खाली जात होतं, कुणी वर आणत नव्हतं, कुणी खाली नेत नव्हतं. भरती-ओहोटी बघत बसावं तसं मी बघत बसले. आपण श्वास घेतो म्हणतो, पण त्यांनी तो घेतलेला वाटत नव्हता. तो आपला येत होता, थोडा बसत होता, जात होता. गिऱ्हाईक नसताना दुकानात येऊन गप्पा मारून जाणाऱ्या शेजाऱ्यासारखा. मला वाटलं, सापडली कडी. मी घरी जाऊन करून बघितलं. जमलं नाही. कारण मी करत होते.

त्यानंतर फार दिवस गेले नसतील. त्या सकाळी वारा नेहमीपेक्षा जास्त होता आणि कारखान्याचा धूर खाली, थेट किनाऱ्यावर उतरला होता. डॉक्टरची तारीख जवळ आली होती म्हणून बाबांनी कार्यक्रम दुप्पट केला होता. आई नको म्हणाली तरी निघाले. मी आणि मेलीन मागोमाग. आकुंग आले, वाऱ्याकडे बघितलं आणि त्या दिवशी त्यांनी काहीच केलं नाही, सुरूच्या बुंध्याआड जाऊन बसले. बाबांना ते आळशीपणाचं वाटलं. ते एकटेच उभे राहून हात फिरवायला लागले.

आधी किटली आली. मग पेटी. मग अडकलेलं दार. हे तिन्ही मला पाठ होते. दाराच्या पुढे काय असतं ते ठाऊक नव्हतं, कारण माझी नक्कल तिथेच संपायची. दाराच्या पुढे आवाजच नव्हता. बाबा होडीला टेकून खाली बसले, टायची गाठ ओढायला लागले, आणि त्यांचे ओठ जांभळासारखे दिसायला लागले. गोळ्या घरी होत्या. मेलीन पळाली.

मी समोर बसले. आणि माझा जन्माचा रोग. बाबांकडे बघता बघता माझेही खांदे कानापर्यंत चढले, माझीही मान ताणली, माझाही श्वास वरच्या वर तुटायला लागला. मी मुद्दाम नव्हते करत. बाबा माझ्याकडे बघत होते आणि माझ्या तोंडावर त्यांना त्यांचंच तोंड दिसत होतं. त्यांचे डोळे आणखी मोठे झाले.

आकुंग उठून आले. बाबांना हात लावला नाही. माझ्या शेजारी वाळूत मांडी घालून बसले आणि माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली.

"झाको," ते म्हणाले, "त्याला नको करू. मला कर."

बस, एवढंच. मी त्यांच्याकडे तिरपं बघितलं. विचार करायला वेळच नव्हता, म्हणून असेल, त्या दिवशी ते अंगात आले. आधी जबडा सुटला. मग खांदे, कुणी दोरी कापल्यासारखे. मग पोट. मग श्वास, तो गप्पा मारायला येणारा शेजारी, आला, थोडा बसला, गेला. परत आला. मी आकुंग झाले होते. मला त्यांच्या कवळीची चवसुद्धा कळत होती, खोटं नाही सांगत.

बाबा बघत होते. बाबा आयुष्यात कुणाचं ऐकून काही शिकले नव्हते. चिन्याकडून तर नाहीच, साहेबाकडूनही नाही. पण माझी नक्कल बघायची त्यांना जुनी सवय होती. मी जे करायचे ते त्यांच्या तोंडावर थोडं थोडं उमटायचं, आई म्हणायची बाप तशी लेक. आता ते माझ्यासारखे व्हायला लागले. जबडा. खांदे, एकदम नाही, उतरणीवरच्या गाडीसारखे. दाराच्या पलीकडून एक बारीक फट उघडली, मग पेटीचे सूर आले, आणि मग ती किटली. त्या किटलीचा आवाज मला इतका गोड कधी लागला नव्हता.

तेवढ्यात आई अनवाणी धावत आली, गोळी दिली, पाणी दिलं. बाबांना गोळीने बरं वाटलं की श्वासाने, हा वाद आमच्या घरी अजून चालू आहे. आई गोळीच्या बाजूने आहे. बाबा दोन्ही बाजूंनी आहेत. आकुंगना विचारलं होतं. त्यांचं उत्तर तुम्हाला आता ठाऊक आहे.

माझ्या मनात मात्र एक प्रश्न बसला आणि तो अजून उठलेला नाही. आपण स्वतःला 'मी' म्हणतो ते कुठे असतं? त्या सकाळी माझ्या पोटात म्हाताऱ्याचा श्वास होता, बाबांच्या पोटात माझा. आणि म्हाताऱ्याच्या पोटात? त्यांनी तो कुणाचा बघून उचलला असेल? गावाकडच्या कुणा गुरूचा, की नदीचा, की झोपलेल्या म्हशीचा? म्हशीचा असेल, असं मला राहून राहून वाटतं.

नंतर साठ सालचं ते भयंकर वादळ, आमचं सिक्लोन, येऊन गेलं, तेव्हा आणखी एक गंमत कळली. शाळेच्या धड्यात होतं की ताठ झाड मोडतं आणि वाकणारा बांबू वाचतो. आकुंगच्या दुकानामागे बांबूचं बेट होतं. मी दुसऱ्या दिवशी बघायला गेले तर बांबूही आडवा, झाडही आडवं. मी आकुंगना म्हटलं, बघा तुमचा बांबू. ते पत्र्याचे तुकडे गोळा करत होते. म्हणाले, बांबूने काय करायचं ते केलं, वाऱ्याने काय करायचं ते केलं, आता आपण चहा करू. त्या वर्षी छप्पर नसलेल्या दुकानात आम्ही पुष्कळ चहा प्यायलो. पुढच्याच वर्षी ते गेले, दुपारी, पोत्यांवर. गिऱ्हाईक तांदूळ मागत होतं आणि ते कुशीवर वळले नाहीत.

पण मी त्या हिवाळ्याबद्दल सांगत होते.

त्या सकाळनंतर बाबांनी आरशाजवळचा कागद काढून टाकला. किनाऱ्यावर जायचे, पण टाय घरी राहायला लागला. वारा जास्त असेल तर आकुंगच्या शेजारी सुरूआड नुसते बसायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती त्यामुळे त्यांचं छान जमायचं. रात्रीचं जेवण आईने हलकं केलं, तिच्या आईच्या नावाने. पेज, पाल्याची भाजी, भाजलेली मासळी. दुपारी कचेरीत बाबा खुर्चीतच थोडे झोपायचे म्हणे, आणि शिपाई दारात उभा राहून खोकायचा. तुरे पिकून करडे झाले, ऊसतोड पुढच्या शेतांकडे सरकली, आणि डॉक्टरची तारीख आली. डॉक्टरने नळी लावली, श्वास घ्या म्हणाला. बाबा म्हणे त्याला सांगणार होते, घेत नसतात, येऊ देतात. पण सरकारी डॉक्टर होता म्हणून गप्प बसले. छाती पास झाली.

आई त्या दिवशी गात होती. मी मनातल्या मनात क्युरपीपच्या लोकांच्या कड्या शोधायला लागले होते. बाबा हसत होते, पण जेवताना त्यांनी कोपरा फार मोठा ठेवला, अर्धं ताट परत गेलं.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं घर बघायला गेलो. आईने पडद्यांचं माप घ्यायला सुतळीचा गुंडा घेतला होता, प्रत्येक खिडकीसाठी तिला गाठ मारायची होती. बस चढायला लागली तसं ऊन मागे राहिलं. मग धुकं आलं, मग ते पडायला लागलं. क्युरपीपला उतरलो तेव्हा पाऊस येत नव्हता आणि थांबतही नव्हता, नुसता होता.

घर खरंच सुंदर होतं. लाकडी, पांढरं, भोवती जांभळ्या फुलांच्या ओल्या झुडपांचं कुंपण. आणि खिडक्या, माझ्या दीडपट उंचीच्या. आईने आयुष्यात अशा खिडक्या फक्त कारखान्याच्या साहेबाच्या घरी बाहेरून बघितल्या होत्या. ती थेट स्टुलावर चढली. राखणदाराला स्टूल धरायला लावलं आणि सुतळी वर नेली. पहिली गाठ. दुसरी खिडकी, दुसरी गाठ. भिंतींना बुरशीचा वास होता, पण नव्या घराला काही ना काही वास असतोच, असं ती म्हणाली. बाबा मागच्या व्हरांड्यात उभे राहून बागेकडे बघत होते.

तिसऱ्या खिडकीपाशी आईचा हात वरच राहिला.

मी पण ऐकलं. बारीक होती, पावसाच्या आवाजात कळू नये एवढी. किटली. मग बाबांनी रुमाल तोंडाला धरला असणार, कारण ती बंद झाली. मग जरा वेळाने रुमालातून परत. ते आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले होते. पाठमोरे. खांदे कानापाशी.

आई स्टुलावर तशीच उभी होती, सुतळीचं एक टोक बोटात, दुसरं खाली लोंबतंय. तिने खिडकीकडे बघितलं, वरून खाली, मग खालून वर. कोपऱ्यातली चूल ठेवायची जागा बघितली. मग ती हळूच उतरली आणि सुतळी बोटांभोवती गुंडाळायला लागली, मारलेल्या गाठी एकेक करून सोडत.

"अहो," तिने हाक मारली, "या खिडक्या फार मोठ्या आहेत. एवढं कापड मला शिवायला जमायचं नाही. चला घरी."

देवळाच्या आख्ख्या मंडपाची झालर एकटीने शिवणारी बाई. बाबांनी वळून तिच्याकडे बघितलं. राखणदाराला वाटलं बाई नाराज झाली, तो म्हणाला, मादाम, खालची अर्धीच झाकली तरी चालते. आईने त्याला सांगितलं की अर्धंमुर्धं काम आमच्यात करत नाहीत, आणि पुढे होऊन फाटक उघडलं.

परतीच्या बसमध्ये मी फुगून बसले होते. माझं कॉलेज गेलं, माझी नवी माणसं गेली. आई खिडकीपाशी, बाबा मध्ये. रस्ता उतरायला लागला, धुकं विरळ झालं, तुटलेल्या उसाची मोकळी शेतं लागली. आईने विचारलं, साहेबांना काय कळवणार? मला वाटलं आता बाबा म्हणतील, आज पोचल्या पोचल्या लिहून टाकतो. आजचं आज.

बाबांनी टायची गाठ सैल केली. पोट थोडं पुढे आलं.

"उद्या बघू," ते म्हणाले.

आईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, जणू ही पण माझीच काहीतरी नक्कल. लांब खाली समुद्राची निळी रेघ दिसायला लागली होती. तिने बसच्या खिडकीची काच दोन्ही हातांनी खाली ढकलली. उबदार, खारा वारा आत आला आणि तिचा पदर बाबांच्या तोंडावर गेला. तो तिने काढून नीट खोचला, खिडकीच्या चौकटीवर वीत ठेवून बघितली आणि म्हणाली, "ही बरोबर मापाची आहे."